‘सकाळची कठोरता’ : कण्याचे मोजमाप आणि मराठी

गेली नऊ वर्षे आम्ही दर तीन-चार महिन्यांनी एका रुग्णालयाच्या संधिवात विभागात जातो. आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोघे. चाळिशी दोघांनीही ओलांडली आहे आणि एम.ए.चे वर्गही एकाच बाकावर बसून केले आहेत. दुखणे मात्र एकाचेच आहे. दुसरा सोबतीला जातो. प्रस्तुत लेख दोघांनी मिळून लिहिला असल्यामुळे त्यात ‘आम्ही’ असे म्हटले आहे. पाठ कोणाची आणि कागद कोणी वाचला, हे वाचकांनी संदर्भाने समजून घ्यावे.

तेथे जे घडते ते आता आम्हांला पाठ झाले आहे. शर्ट काढून, पावले जुळवून उभे राहायचे. फिजिओथेरपिस्ट बाई कमरेच्या मागच्या दोन खळ्या बोटांनी चाचपतात, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य धरून तिच्या दहा सेंटिमीटर वर एक आणि पाच सेंटिमीटर खाली एक अशा दोन खुणा पेनाने करतात. मग म्हणतात, “सर, आता वाका. गुडघे वाकवायचे नाहीत.” सर वाकतात. खुणांमधले पंधरा सेंटिमीटरचे अंतर किती वाढले ते शिवणकामाच्या टेपने मोजले जाते. निरोगी तरुण पाठीत ते वीसच्या पलीकडे जाते. आमच्याकडे पहिल्या वर्षी ते १८.२ होते, या वर्षी १७.४ आहे. नऊ वर्षांची कमाई (उणे) आठ मिलिमीटर.

दुखण्याचे नाव अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस. ‘अँकिलोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वाकडे, वाकलेले. वैद्यकात मात्र तो ‘सांधा जखडणे’ या अर्थाने रुळला. एकाच नावात वाकणे आणि न वाकणे दोन्ही आले, हे आमच्यासारख्यांना गंमतीचे वाटते. दुखणाऱ्याला तितकेसे नाही. कमरेच्या तळाशी कणा आणि कटी यांना जोडणारे जे सांधे आहेत तेथे दाह सुरू होतो, बहुधा विशी-तिशीत. दाह झालेल्या जागी कालांतराने नवे हाड धरू लागते आणि मणके एकमेकांना जोडले जातात. शेवटच्या अवस्थेतल्या कण्याला एक्स-रे पाहणारे ‘बांबू’ म्हणतात. १९७३ साली एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेशी या आजाराचे नाते उघड झाले. पण ज्याच्या रक्तात ती खूण आहे त्या प्रत्येकाला आजार होतो असे नाही. बहुतेकांना होत नाही.

या आजाराचे एक लक्षण इतर पाठदुखीच्या नेमके उलटे आहे : विश्रांतीने तो वाढतो आणि हालचालीने कमी होतो. पहाटे झोपमोड होते, उठल्यावर तासभर अंग लाकडासारखे असते, मग हळूहळू सैल पडते. आमच्यापैकी एकाने हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापासून तीन ठिकाणी सांगितले. तिन्ही ठिकाणी ‘मणक्यात गॅप आहे’ हे सुप्रसिद्ध मराठी निदान झाले आणि सक्तीची विश्रांती सांगितली गेली. योग्य नाव मिळेपर्यंत सात वर्षे गेली. त्या सात वर्षांत जे हाड धरले ते परत जाणार नाही. ही तक्रार येथे उगाळायची नाही, फक्त एवढे नोंदवायचे आहे की त्या तिन्ही डॉक्टरांना आम्ही ‘पाठ दुखते’ एवढेच क्रियापद दिले होते. ‘अवघडते’ हे क्रियापद आम्हांला सुचले नाही. मराठीचे अध्यापक असून सुचले नाही.

मोजपट्टीकडे परत येऊ. पॉल शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९३७ साली ही पाठीवर खुणा करण्याची रीत काढली. त्यामागची युक्ती साधी आणि फार शहाणपणाची आहे. माणूस वाकतो तेव्हा तो कण्यातून वाकतो की खुब्यातून, हे पाहून कळत नाही. कणा जखडलेला माणूसही खुब्यातून वाकून बोटे जमिनीजवळ नेऊ शकतो आणि पाहणाऱ्याला वाटते, पाठ उत्तम आहे. शोबरने बोटे आणि जमीन हे अंतर सोडून दिले आणि पाठीच्या त्वचेवरचे दोन बिंदू धरले. कणा वाकला तरच ते बिंदू एकमेकांपासून लांब जातात. मॅक्रे आणि राइट यांनी १९६९ साली खालची पाच सेंटिमीटरची खूण वाढवून चाचणी सुधारली, कारण मूळ खूण नेमक्या जागी झाली नाही तर आकडा फसवत असे. एखाद्या संहितेच्या पाठचिकित्सेत चुकीच्या जागी झालेल्या खुणेची दुरुस्ती जशी व्हावी तशी ही दुरुस्ती आहे. (‘पाठचिकित्सा’ या शब्दावरची कोटी आम्ही टाळणार होतो, टळली नाही.)

पुढे १९९४ साली इंग्लंडमधल्या बाथ येथील संधिवाताच्या रुग्णालयात पाच मापे एकत्र करून एक निर्देशांक बांधला गेला. त्याला बास्मी म्हणतात. भिंतीला टाच आणि पाठ टेकून उभे राहिल्यावर कानाच्या छिद्रासमोरचा उंचवटा भिंतीपासून किती दूर राहतो, मान दोन्ही बाजूंना किती अंश वळते, कंबर पुढे आणि बाजूला किती वाकते, आणि पाय फाकवल्यावर दोन घोट्यांत किती अंतर पडते, ही ती पाच मापे. बाथ हे उष्ण झऱ्यांचे गाव. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’मधली मिसेस स्मिथ संधिवाताने पाय गेलेली असते आणि गरम पाण्याच्या उपचारासाठी बाथला येऊन राहते. इंग्रजी विभागातले मित्र या कादंबरीतल्या विवाहांविषयी पुष्कळ बोलतात, मिसेस स्मिथच्या पायांविषयी नाही. हे रुग्णालय १७४२ पासून त्या गावात होते आणि २०१९ मध्ये ते जुन्या इमारतीतून हलले. कण्याच्या आजारासाठी तेथे रुग्ण मुक्कामाला येत, गटाने व्यायाम करीत. म्हणजे एकाच जातीच्या पाठी पुष्कळ संख्येने, पुन्हा पुन्हा पाहायला मिळत. मोजमापाचे शास्त्र अशाच ठिकाणी जन्माला येते.

बास्मीच्या मूळ रूपात प्रत्येक मापाला ०, १ किंवा २ एवढेच गुण होते. मानेचे वळणे सत्तर अंशांहून अधिक असेल तर शून्य, वीसहून कमी असेल तर दोन, आणि मधल्या सगळ्यांना एक. म्हणजे ज्याची मान एकोणसत्तर अंश वळते आणि ज्याची एकवीस अंश, ते दोघे एकाच ओळीत. पहिला माणूस रस्ता ओलांडताना मागून येणारी मोटार पाहू शकतो. दुसऱ्याला ती पाहण्यासाठी अख्खे अंग फिरवावे लागते. हा दोष त्या शास्त्रालाच दिसला. आधी अकरा पायऱ्यांची आणि मग २००८ मध्ये सलग मोजणारी अशी नवी रूपे आली. आम्ही पंचवीस गुणांच्या प्रश्नाला ‘बरा’, ‘ठीक’ आणि ‘चांगला’ अशा तीन शेऱ्यांत उरकणारी माणसे आहोत. त्यामुळे ही दुरुस्ती आम्हांला लागली.

आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना मोजमाप म्हटले की कपाळावर आठी उमटते. ‘माणसाला आकड्यांत बसवतात’ हे वाक्य चर्चासत्रांत हमखास टाळी घेते. आम्हीही ते पूर्वी म्हटले असेल. आता म्हणणार नाही. कारण आमच्यापैकी एकाची मान वळेनाशी झाली हे त्याला स्वतःला कळले नव्हते. फळ्याच्या कोपऱ्याकडे तो वर्षानुवर्षे सगळे अंग वळवून पाहत होता आणि ते त्याला आपले शिकवण्याचे वळणच वाटत होते. छाती पूर्वीसारखी फुगत नाही हेही टेपनेच सांगितले. बरगड्यांचे सांधे आखडल्यामुळे त्याला लांब वाक्य एका दमात वाचता येत नव्हते आणि तो मधे थांबे. विद्यार्थी त्या थांबण्याला ‘सरांचा पॉज’ म्हणत आणि त्यात आशय शोधत. शरीर तडजोडी करते आणि त्या मालकापासून लपवते. अनुभव हाच अंतिम पुरावा, असे आम्ही साहित्यात म्हणतो. येथे अनुभवाला जे दिसले नाही ते टेपने दाखवले.

अर्थात टेपही सर्वज्ञ नाही. सकाळी नऊला घेतलेले माप आणि दुपारी दोनला घेतलेले माप यांत फरक पडतो, कारण दुपारपर्यंत अंग सैल होते. याहून गंभीर गोष्ट अशी की, पाठ वाकत नाही या एका आकड्याला दोन कारणे असू शकतात. दाहामुळे ती वाकत नसेल तर औषधाने सुधारेल. हाड धरल्यामुळे वाकत नसेल तर सुधारणार नाही. आकडा तोच, अर्थ दोन, आणि अर्थ लावण्यासाठी एक्स-रे, एमआरआय, रक्त आणि रुग्णाचे बोलणे हे सगळे लागते.

रुग्णाचे बोलणे! येथे आमचा खरा विषय सुरू होतो.

पाठीवरच्या दहा सेंटिमीटरप्रमाणे कागदावरही दहा सेंटिमीटरची एक रेघ असते. बाथमध्येच १९९४ साली बास्डाय नावाची प्रश्नावली तयार झाली. मागच्या आठवड्याविषयी सहा प्रश्न : थकवा किती, मान-पाठ-खुब्यातले दुखणे किती, इतर सांध्यांतले दुखणे वा सूज किती, दाबल्यावर दुखणाऱ्या जागांचा त्रास किती, सकाळी उठल्यावरचे अवघडलेपण किती, आणि ते किती वेळ टिकते. प्रत्येक रेघेवर रुग्णाने खूण करायची. शेवटच्या दोहोंची सरासरी काढायची, ती पहिल्या चारांत मिळवायची आणि पाचाने भागायचे. उत्तर चार किंवा अधिक आले तर आजार सक्रिय मानतात. हा ‘चार’ नुसता आकडा नाही. दाह रोखणारी महागडी जैविक औषधे द्यायची की नाहीत, याचा विचार करताना तो जगभर उंबरठ्यासारखा वापरला गेला.

आमच्या हाती जो मराठी कागद पडला त्यावर पाचवा प्रश्न असा छापला होता : ‘सकाळी उठल्यानंतर आपणांस जाणवणाऱ्या कठोरतेची पातळी किती?’

आम्ही हसलो. शेजारी बसलेला रिक्षाचालक हसला नाही. त्याने विचारले, “सर, कठोरता म्हणजे? मी घरात कुणाशी कठोर वागत नाही.” आणि त्याने रेघेच्या शून्यावर खूण केली. साहजिकच सहाव्या प्रश्नालाही शून्य. त्याची बाकीची उत्तरे ६, ५, १ आणि २ होती. बेरीज चौदा, भागिले पाच, २.८. म्हणजे आजार शांत. मग आम्ही त्याला विचारले की सकाळी उठल्यावर अंग अवघडते का, मोकळे व्हायला किती वेळ लागतो. तो बराच वेळ बोलला. पहाटेचे भाडे त्याने तीन वर्षांपूर्वीच सोडले होते, कारण हँडल वळवता येत नसे. नव्या खुणा सात आणि आठवर पडल्या. त्यांची सरासरी साडेसात, बेरीज साडेएकवीस, उत्तर ४.३. तोच माणूस, तीच सकाळ, फक्त एक शब्द बदलला आणि तो उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे गेला.

डॉक्टर केवळ या कागदावर निर्णय घेत नाहीत हे आम्ही जाणतो. २००९ पासून अ‍ॅस्डास नावाचा दुसरा निर्देशांक आहे. त्यात रुग्णाच्या उत्तरांबरोबर रक्तातल्या सीआरपी या दाहदर्शक प्रथिनाचा आकडाही धरतात. पण त्यातही पाठदुखी, सकाळचे अवघडलेपण किती वेळ टिकते, सांध्यांचा त्रास आणि रुग्णाला एकंदर कसे वाटते, हे रुग्णालाच विचारतात. शिवाय पुष्कळ रुग्णांत आजार जागा असतानाही सीआरपी वाढलेला नसतो. शब्दांपासून सुटका नाही.

‘कठोरता’ आली कोठून? कोशातून. इंग्रजी शब्दाचा पहिला प्रतिशब्द उचलला, की काम झाले. पण मराठीला या बाबतीत दारिद्र्य नाही, उलट श्रीमंती आहे. एकाच स्थितीत राहिल्याने जे होते ते ‘अवघडणे’. स्नायू ओढून धरला जातो ते ‘आखडणे’. एकदम वाकल्यावर जी ‘भरते’ ती उसण किंवा लचक. श्रमाने अंग ‘आंबते’, तापाने ‘मोडून येते’, थंडीने ‘काकडते’. विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी पाठदुखी कोणती, हा प्रश्न डॉक्टरांना वर्षानुवर्षे चकवतो. आपल्या आज्यांनी त्या दोन दुखण्यांना केव्हाच दोन क्रियापदे देऊन ठेवली आहेत. कंबर ‘भरली’ असेल तर शेक आणि विश्रांती. अंग ‘अवघडले’ असेल तर ऊठ, जरा चाल. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात दुखण्याच्या प्रकारांचे ७८ शब्द वीस गटांत लावले होते. शब्दसंग्रह हे मोजण्याचे साधन होऊ शकते, हे त्यांनी ओळखले. ठणका, सल, कळ, चमक, शिणका, रखरख, हुळहुळणे यांची अशी मांडणी करायला कोणा परदेशी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर जाणकार सांगतील की अशा प्रश्नावल्यांचे भाषांतर वाटेल तसे होत नसते. खरे आहे. २००० सालापासून एक मान्य रीत आहे : दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, ते जुळवायचे, मूळ न पाहिलेल्यांनी ते उलट इंग्रजीत न्यायचे, मग समितीने बसून पाहायचे आणि शेवटी तीस-चाळीस जणांवर वापरून बघायचे. आमचा आक्षेप यातल्या उलट भाषांतरावरच्या आंधळ्या विश्वासाला आहे. ‘कठोरता’ इंग्रजीत परत नेऊन पाहा : ती अगदी बिनचूक परत जाते! ‘अवघडणे’ मात्र परत जाताना अडखळते, लांबलचक होते, शंकास्पद ठरते. म्हणजे जो शब्द रुग्णाला कळत नाही तो या परीक्षेत पहिला येतो आणि जो कळतो तो नापास होतो. भाषांतर शिकवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. त्या समितीत भाषेचा माणूस असावा, असे ती रीतच सांगते; आमच्या विभागांतून तेथे कोणी गेल्याचे आम्ही पाहिलेले नाही, आणि बोलावले असते तरी आम्ही गेलो असतो की नाही, कोण जाणे. पदनामकोशातले शब्द विनोदासाठी वर्गात वाचून दाखवणे सोपे असते.

शब्दांखेरीज घरही बदलावे लागते. बाथच्याच तिसऱ्या प्रश्नावलीत, बास्फीत, रोजच्या हालचाली विचारल्या आहेत : मोजे घालणे, खाली पडलेले पेन उचलणे, उंच फळीवरचे काढणे, हात नसलेल्या जेवणाच्या खुर्चीवरून उठणे, कठडा न धरता बारा-पंधरा पायऱ्या चढणे, खांद्यावरून मागे पाहणे. वाचता वाचता एक इंग्रजी घर उभे राहते. एखाद्या कादंबरीतून राहावे तसे. पण त्या घरात कोणी मांडी घालत नाही, कोणी उकिडवे बसत नाही, निऱ्या खोचत नाही, वाकून नमस्कार करीत नाही. आमच्यापैकी एकाने मोज्यांच्या प्रश्नाला शून्य दिले, कारण तो बारा महिने चपला वापरतो. पंगतीत बसणे मात्र त्याने सहा वर्षांपूर्वी सोडले आणि लग्नाची आमंत्रणे तो निरनिराळ्या सबबींनी टाळतो. कागदाला हे ठाऊक नाही. संधिवातासाठीच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीच्या २००२ सालच्या भारतीय रूपात उकिडवे आणि मांडी घालून बसणे आले आहे. म्हणजे हे अशक्य नव्हे.

आणखी एका शब्दाविषयी लिहिलेच पाहिजे : ‘तीव्रता’. मराठी वैद्यकीय लेखनात वेदना किती जोराची आहे याला तीव्रता म्हणतात. आजाराने एकंदर किती नुकसान केले यालाही तीव्रताच. आज दाह किती जागा आहे, यालाही तीच. आणि जो आजार अचानक येतो तो तीव्र! कण्याच्या या आजारात या चारही गोष्टी वेगळ्या असतात. ज्याचा कणा पुरता जोडला गेला आहे त्याला कधी कधी वेदना उरतच नाही. ज्याच्या एक्स-रेमध्ये अजून काही दिसत नाही तो रात्रभर तळमळतो. इंग्रजीत यांसाठी वेगळे शब्द आहेत, वेगळे निर्देशांक आहेत आणि वेगवेगळी वर्षे खर्ची पडली आहेत. आपण चौघांना एकाच नावाने हाक मारतो. ‘आजार तीव्र नाही’ हे वाक्य ऐकून औषध बंद केलेला एक तरुण आम्ही त्याच बाकावर पाहिला. डॉक्टरांना म्हणायचे होते की अजून हाड धरलेले नाही. त्याने ऐकले की औषधाची गरज नाही. ‘सक्रियता’ आणि ‘हानी’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरले तरी पुष्कळ काम होईल. नवे शब्द घडवण्याची हौस असणाऱ्यांनी आधी हे असलेले वापरावेत.

मागच्या खेपेस आम्ही बाईंना ‘कठोरता’ दाखवली. त्या म्हणाल्या, “सर, कागद वरून छापून येतात, पण तुम्ही पेनाने लिहून द्या, मी वाचून दाखवीन.” आम्ही दुपारभर बाकावर बसून लोकांना विचारत राहिलो की सकाळचे ते जे काही असते त्याला तुमच्याकडे काय म्हणतात. ‘अवघडणे’ जवळजवळ सगळ्यांना चालले, ‘आखडणे’ थोड्यांना. किती वेळ टिकते, याचे उत्तर मात्र मिनिटांत कोणी दिले नाही. चहा होईपर्यंत, नळाचे पाणी येऊन जाईपर्यंत, पोरे शाळेत जाईपर्यंत. एक मावशी म्हणाल्या, “धुणं वाळत घालताना हात वर गेला की समजायचं, झालं मोकळं.” बाईंनी विचारले, “म्हणजे किती वाजता, मावशी?” मावशींनी हिशेब केला, उठल्यापासूनची कामे बोटांवर मोजली आणि म्हणाल्या, पावणेदोन तास. बाईंनी रेघेवर नऊच्या किंचित अलीकडे खूण केली.

आता त्या कागदाच्या समासात पेनाने दोन ओळी लिहिलेल्या आहेत. त्याच्या झेरॉक्स प्रती निघतात, त्यामुळे आमचे वळणदार नसलेले अक्षर दर महिन्याला थोडे अधिक पुसट होते. पुढच्या खेपेस पुन्हा लिहून द्यायचे ठरले आहे.